दाद मागण्याचे गाव : स्ट्रासबुर्ग

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, अल्सास प्रांतात, ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठावर स्ट्रासबुर्ग हे शहर वसलेले आहे. पॅरिसहून सुटणारी वेगवान रेल्वे पावणेदोन तासांच्या आसपास तेथे पोहोचवते, आणि स्थानकाबाहेर पडलेल्या बहुतेक प्रवाशांची पावले आपसूक गुलाबी वालुकाश्मात बांधलेल्या १४२ मीटर उंचीच्या कॅथेड्रलकडे किंवा कालव्याकाठच्या लाकडी चौकटींच्या जुन्या घरांकडे वळतात. १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला हा जुना भाग पाहण्यासारखा आहेच. परंतु सरकारने अन्याय केला तर सामान्य माणसाने सरकारपलीकडे जाऊन दाद कोठे मागावी, या प्रश्नाचे उत्तर अनेक राष्ट्रांनी मिळून कसे शोधले, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने हे शहर नदीच्या बाजूने पाहायला सुरुवात करावी, कारण शहराचे जुने दुखणे आणि त्यावर शोधलेला उपाय हे दोन्ही या नदीशी बांधलेले आहेत.

नदीच्या पलीकडे केल हे छोटे जर्मन गाव आहे. दोन्ही काठांना जोडणाऱ्या पुलांपैकी पादचाऱ्यांसाठीचा पूल २००४ साली बांधला गेला. मार्क मिमराम या वास्तुकाराने त्याला दोन वेगळे पदपथ दिले असून ते वेगवेगळ्या चढणीने निघून नदीच्या मध्यावर एका सज्जावर एकत्र येतात. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्रामही नदी ओलांडून केलपर्यंत जाते, आणि रिकाम्या पिशव्या घेऊन निघालेली फ्रेंच कुटुंबे पलीकडच्या देशातून स्वस्त वाणसामान भरून परत येतात. सीमेवर अधूनमधून कागदपत्रांची तपासणी होते. २०२० च्या वसंतात महामारीमुळे सीमा बंद झाली, तेव्हा मात्र एकाच शहरासारख्या जगणाऱ्या या दोन गावांना आपल्यामध्ये एक सीमा आहे याची पुन्हा आठवण झाली. वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्या आठवणीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८७० सालच्या फ्रान्स-प्रशिया युद्धात जर्मन तोफांनी या शहराला वेढा घातला आणि ऑगस्टच्या एका रात्रीत येथील ग्रंथालय जळून खाक झाले. बाराव्या शतकात हेराड या मठाध्यक्षेने सिद्ध केलेली ‘होर्तुस देलिकियारुम’ ही सचित्र ज्ञानकोशासारखी हस्तलिखित पोथी त्या आगीत नष्ट झाली. आज तिची केवळ आधी करून ठेवलेल्या प्रतिकृतींवरून ओळख होते. १८७१ मध्ये शहर जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये फ्रान्सकडे परत आले, १९४० मध्ये नाझी जर्मनीने ते बळकावले आणि २३ नोव्हेंबर १९४४ रोजी ते पुन्हा मुक्त झाले. १८७० च्या युद्धाच्या थोडे आधी जन्मलेल्या आणि पंच्याहत्तर वर्षे जगलेल्या येथील माणसाने एका आयुष्यात चार वेळा राष्ट्र बदलले. नाझींच्या अमलात फ्रेंच बोलण्यावर बंदी आली, माणसांची नावे जर्मन वळणाची केली गेली आणि फ्रेंचपणाची खूण म्हणून डोक्यावरची चपटी बेरे टोपीसुद्धा गुन्हा ठरली.

ऑगस्ट १९४२ मध्ये सर्वांत भारी घाव पडला. अल्सास आणि शेजारच्या मोझेल भागातील तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती करण्याचा हुकूम निघाला, आणि जो पळून जाईल त्याच्या आईवडिलांना व भावंडांना शिक्षा होईल असे ठरवले गेले. या तरुणांना फ्रेंचमध्ये ‘मालग्रे-नू’, म्हणजे ‘मनाविरुद्ध गेलेले’, असे म्हणतात. त्यांची संख्या सुमारे १,३०,००० होती आणि त्यांतले सुमारे ४०,००० परत आले नाहीत. एखाद्या राज्याने माणसाला त्याच्याच देशाच्या शत्रूसाठी बंदूक धरायला लावणे यापेक्षा मोठी विटंबना कल्पिणे कठीण आहे, आणि येथे ती घरोघर घडली.

जर्मन काळात वसवलेल्या नव्या पेठेच्या मध्यभागी प्लास द ला रेप्युब्लिक हा वर्तुळाकार बगीचा आहे. तेथील युद्धस्मारक शिल्पकार द्रिव्हिए याने घडवले असून त्याचे अनावरण दुसऱ्या महायुद्धापूर्वी, १९३६ साली झाले. फ्रान्समधील गावोगावच्या स्मारकांवर ‘मायभूमीसाठी मेलेल्यांना’ अशा अर्थाचा मजकूर असतो. येथे फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढेच शब्द आहेत, कारण कोणती मायभूमी हे सांगणे शक्य नव्हते. बसलेल्या आईच्या मांडीशी दोन मुलगे मरणोन्मुख पडलेले आहेत, एक फ्रान्सकडून लढलेला आणि दुसरा जर्मनीकडून. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही, त्यामुळे कोणता कोणाकडचा हे ओळखता येत नाही, आणि खाली टेकलेल्या त्या देहांचे हात शेवटी एकमेकांत गुंतलेले आहेत. शहर पाहायला आलेल्याने येथे घटकाभर थांबावे, कारण पुढे काचेच्या आणि पोलादाच्या इमारतींत जे दिसते त्याचा पाया याच ठिकाणी आहे.

५ मे १९४९ रोजी लंडन येथे दहा देशांनी ‘युरोप परिषद’ स्थापन केली, तेव्हा तिचे ठाणे स्ट्रासबुर्गला असावे ही सूचना ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी मांडली. ज्या शहरासाठी दोन राष्ट्रे पिढ्यान्‌पिढ्या लढली, तेच आता त्यांच्या समेटाचे ठिकाण व्हावे, हा तिच्यामागचा विचार होता. ही परिषद आणि ‘युरोपीय संघ’ या दोन वेगळ्या संस्था आहेत. युरोपीय संघ हा व्यापार, चलन आणि कायदे यांत एकमेकांशी घट्ट बांधलेल्या देशांचा समूह आहे, तर युरोप परिषदेत तुर्कस्तान, युक्रेन, जॉर्जिया आणि ब्रिटन यांच्यासह ४६ देश असून लोकशाही, कायद्याचे राज्य आणि मानवी हक्क हा तिचा विषय आहे. निळ्या पार्श्वभूमीवरील बारा सोनेरी ताऱ्यांचा ध्वजही मुळात या परिषदेने १९५५ मध्ये स्वीकारला आणि संघाने तो नंतर घेतला. संघाच्या संसदेची भव्य इमारतही याच शहरात, याच परिसरात असल्याने पर्यटकांचा गोंधळ होतो आणि तो क्षम्यही आहे.

शहरातून ‘ई’ मार्गाची ट्राम या परिसरात जाते. तिच्या एका थांब्याचे नावच ‘द्रुआ द लोम’, म्हणजे ‘मानवी हक्क’, असे आहे. भाजी घेऊन घरी निघालेली आणि शाळेचे दप्तर पाठीला लावलेली माणसे रोज त्या नावावर चढतात आणि उतरतात. थांब्यापासून जवळच, इल नदीच्या वळणावर, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाची इमारत आहे. ब्रिटिश वास्तुकार रिचर्ड रॉजर्स यांनी तिचा आराखडा केला आणि १९९५ मध्ये ती वापरात आली. मधोमध काचेचे प्रवेशदालन, त्याच्या दोन्ही अंगांना पोलादी पत्र्याने मढवलेले दोन भव्य दंडगोल आणि मागे नदीच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या कचेऱ्यांच्या लांब रांगा, ज्यांच्या कठड्यांवरून वेली खाली उतरतात, अशी तिची ठेवण आहे. आराखडा चालू असतानाच बर्लिनची भिंत कोसळली, पूर्व युरोपातील देश परिषदेत येऊ लागले आणि इमारत मोठी करावी लागली. त्या भिंतीचा एक तुकडा आज आवारात उभा आहे. बाहेरच्या रस्त्यावर आपापल्या प्रकरणांचे फलक घेऊन बसलेली माणसेही दिसतात. आतल्या न्यायमूर्तींवर या फलकांचा परिणाम होत नाही आणि तो होऊही नये. तरी तेवढ्यासाठी कोठून कोठून माणसे येतात, हे पाहणाऱ्याला अस्वस्थ करते.

पावसाने झोडपले आणि राजाने मारले तर दाद कोणाकडे मागायची, असे मराठीत म्हणतात. राष्ट्रांच्या जुन्या व्यवहारात या प्रश्नाला उत्तरच नव्हते. राजा आपल्या प्रजेला कसे वागवतो हा त्याचा ‘अंतर्गत मामला’ मानला जाई आणि शेजारी राष्ट्रे त्यात बोलत नसत. दुसऱ्या महायुद्धात काय घडले हे उघड झाल्यावर ही समजूत टिकणे अशक्य झाले. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. तो नैतिक वजनाचा होता, पण त्याला न्यायालय नव्हते. स्ट्रासबुर्गच्या परिषदेने पुढचे पाऊल टाकले. नाझींविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतलेले पिएर-आंरी तेतजाँ आणि न्यूरेम्बर्गच्या खटल्यात सरकारी वकील राहिलेले डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम येथे मानवी हक्कांचा युरोपीय करार झाला आणि ३ सप्टेंबर १९५३ पासून तो अमलात आला. जीविताचा हक्क, छळापासून मुक्ती, निष्पक्ष सुनावणी, खासगी आयुष्याचा आदर, अभिव्यक्ती, श्रद्धा हे हक्क त्यात आहेतच. परंतु त्या हक्कांसाठी एकटा माणूस आपल्याच सरकारला राष्ट्रांनी मिळून नेमलेल्या यंत्रणेपुढे उभे करू शकतो, ही त्याची खरी नवलाई होती. ही तरतूद सरकारांनी सहजासहजी गिळली नाही. आरंभी ती ऐच्छिक होती. यजमान फ्रान्सने करार पक्का करायला १९७४ साल उजाडू दिले आणि वैयक्तिक अर्जाचा हक्क मान्य करायला १९८१. तो हक्क सर्व सदस्य देशांवर बंधनकारक झाला १ नोव्हेंबर १९९८ पासून.

न्यायालयाकडे येणारा अर्ज फार साध्या रूपात येतो. ठरावीक नमुन्याचा कागद, त्यावर अर्जदाराची मूळ सही, आपल्या देशातील निकालांच्या प्रती, आणि हे सारे टपालाने. अर्जाला शुल्क नाही, सुरुवातीला वकीलही लागत नाही, आणि अर्ज सदस्य देशांच्या कोणत्याही अधिकृत भाषेत करता येतो, म्हणजे टिबिलिसीतील माणसाने जॉर्जियन भाषेत लिहिलेले आणि रेक्याविकमधल्याने आइसलँडिकमध्ये लिहिलेले पत्र येथे सारख्याच मानाने उघडले जाते. मात्र अटी कडक आहेत. आपल्या देशातील सर्व न्यायालयांच्या पायऱ्या आधी झिजवाव्या लागतात आणि शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत अर्ज रवाना करावा लागतो. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, ती २०२२ मध्ये कमी झाली. मुदत पाळली की चुकली हे टपालाच्या शिक्क्यावरील तारखेने ठरते. आलेल्या अर्जांपैकी बहुसंख्य अर्ज अशा अटींत अडकून एका न्यायमूर्तीच्या सहीने निकालात निघतात. २०११ च्या सुमारास प्रलंबित अर्जांची संख्या दीड लाखाच्या वर गेली होती. पुढे ती ६०,००० च्या घरात आली. कोर्टाच्या तारखांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला ही दिरंगाई अनोळखी वाटणार नाही, पण न्याय मागणाऱ्याचे वय मात्र त्या वर्षांत थांबून राहत नाही, आणि या संस्थेची सर्वांत बोचणारी उणीव तीच आहे.

फार थोडी प्रकरणे ‘महापीठा’पुढे, म्हणजे १७ न्यायमूर्तींपुढे, जाहीर सुनावणीला येतात, आणि ओळखपत्र दाखवून कोणालाही ती पाहता येते. प्रत्येक सदस्य देशाचा एक न्यायमूर्ती असतो. देशाने सुचवलेल्या तीन नावांतून परिषदेची संसदीय सभा एकाची निवड करते आणि त्याला नऊ वर्षांची एकच मुदत मिळते, म्हणजे पुन्हा निवडून येण्यासाठी सरकारची मर्जी राखण्याचे कारण उरत नाही. गोल दालनात न्यायमूर्ती अर्धवर्तुळात बसतात, समोर एका बाजूला सरकारचे वकील आणि दुसऱ्या बाजूला अर्जदाराचे, दोघांचीही मेजे सारख्याच लांबीची आणि दोघांनाही वेळ सारखाच. प्रेक्षकांच्या कानांत भाषांतराची यंत्रे असतात. आवाज कोणी चढवत नाही. एखाद्या राज्याच्या सर्व शक्तीसमोर एका माणसाला इतके बरोबरीने बसवलेले पाहणे, हा या प्रवासातला मोलाचा अनुभव आहे.

या न्यायालयातून निघालेल्या निकालांनी शब्दांचे अर्थ हळूहळू बदलले. आयल ऑफ मॅन या बेटावर पंधरा वर्षांच्या एका मुलाला न्यायालयाच्या हुकमाने छडीचे तीन फटके मारले गेले होते. तेथील बहुतेकांना त्यात गैर वाटत नव्हते. १९७८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने ती शिक्षा मानहानिकारक ठरवली आणि करार हा ‘जिवंत दस्तऐवज’ आहे, म्हणजे त्याचा अर्थ आजच्या परिस्थितीच्या उजेडात लावायचा, असे तत्त्व घालून दिले. त्याच वर्षी आयर्लंडने ब्रिटनविरुद्ध आणलेल्या खटल्यात, कैद्यांना भिंतीशी ताटकळत उभे करणे, डोक्यावर बुरखा घालणे, सतत कर्कश आवाज ऐकवणे, झोप न देणे आणि अन्नपाणी तोडणे या पाच पद्धतींना न्यायालयाने ‘अमानुष वागणूक’ म्हटले, पण ‘छळ’ म्हणण्याचे टाळले. तो संकोच तेव्हाही अनेकांना पटला नव्हता. एकवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, पोलीस कोठडीतील मारहाणीच्या प्रकरणात खुद्द यजमान फ्रान्सच छळाचा दोषी ठरला, आणि पूर्वी ज्याला आपण कमी तीव्रतेचे नाव दिले त्याला पुढे छळच म्हणावे लागू शकेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. फ्रान्सच्या भूमीवर, फ्रान्सने दिलेल्या जागेत बसून, फ्रान्सविरुद्ध असा निकाल देता यावा यात या सगळ्या व्यवस्थेची कसोटी होती.

भारत या कराराचा सदस्य नाही, तरी त्याचे धागे येथे येतात. भारतातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एका शीख माणसाला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून १९९० पासून डांबून ठेवले होते आणि भारतात परत पाठवले जाणार होते. पंजाबच्या पोलिसांकडून छळ होण्याचा धोका खरा आहे, आणि माणूस कितीही घातक मानला गेला तरी त्याला छळाच्या तोंडी देता येत नाही, असे १५ नोव्हेंबर १९९६ रोजी न्यायालयाने १२ विरुद्ध ७ मतांनी ठरवले. दुसरा धागा उलट दिशेचा आहे. उत्तर आयर्लंडमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा न्यायालयाने १९८१ मध्ये खासगी आयुष्याच्या हक्काविरुद्ध ठरवला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तशाच आशयाच्या कलम ३७७ बाबत निर्णय देताना त्या निकालाचा आधार घेतला. याहून जुना धागा १९४६ चा आहे. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा प्रश्न मांडला. शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. हा आमचा अंतर्गत मामला आहे असे दक्षिण आफ्रिकेने म्हटले आणि आमसभेने ते दोन-तृतीयांश बहुमताने नाकारले. पुढे अमेरिका खंडासाठी कोस्टा रिकातील सान होसे येथे आणि आफ्रिकेसाठी टांझानियातील अरुशा येथे मानवी हक्कांची न्यायालये झाली. आशियाला आजही असे न्यायालय नाही, आणि ज्या देशाने हा युक्तिवाद इतक्या लवकर मोडून काढला, त्याच्या नागरिकाला ती उणीव टोचायला हवी.

निकाल बजावण्यासाठी न्यायालयाजवळ पोलीस नाहीत. निकालाची अंमलबजावणी झाली की नाही हे परिषदेची मंत्रिसमिती, म्हणजे सर्व देशांचे प्रतिनिधी, वर्षातून चारदा बसून तपासतात. भरपाई दिली का, कायदा बदलला का, हे विचारत राहतात. हे काम कंटाळवाणे आहे, कागदांचे आहे, आणि सारा भार त्याच्यावरच आहे. कधी तेही अपुरे पडते. ग्रीसमध्ये लष्करशहांनी सत्ता घेतल्यावर डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलँड्स यांनी १९६७ मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. हकालपट्टी होणार हे दिसताच १२ डिसेंबर १९६९ रोजी ग्रीस स्वतःहून बाहेर पडला आणि लोकशाही परतल्यावर १९७४ मध्ये परत आला. १६ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणानंतर, रशियाला परिषदेतून काढून टाकण्यात आले. न्यायालय रशियाविरुद्ध निकाल देत राहिले आहे. ९ जुलै २०२५ रोजी युक्रेन आणि नेदरलँड्सच्या तक्रारीवर महापीठाने रशियाला व्यापक अत्याचारांबद्दल आणि २०१४ मध्ये पाडल्या गेलेल्या एमएच-१७ या प्रवासी विमानाबद्दल जबाबदार धरले. रशिया ते निकाल मानत नाही. तरीही निकाल लिहिले जातात, आणि ते का लिहावेत हे समजण्यासाठी प्रवाशाने शहराबाहेर पन्नास किलोमीटर जायला हवे.

स्ट्रासबुर्गहून व्होज डोंगरांकडे जाणारी गाडी रोतो या छोट्या स्थानकावर थांबते. तेथून वर चढणारा रस्ता नात्झव्हायलर-श्ट्रुटहोफ या नाझी छळछावणीकडे जातो. युद्धापूर्वी स्ट्रासबुर्गचे लोक हिवाळ्यात बर्फात खेळायला या डोंगरावर येत. नाझींना येथे गुलाबी ग्रॅनाइट सापडला आणि मे १९४१ मध्ये त्यांनी छावणी उघडली. मुख्य छावणी आणि तिच्या उपछावण्या मिळून सुमारे ५२,००० कैदी येथून गेले आणि सतरा हजारांहून अधिक मेले. त्यांत युरोपातल्या कितीतरी देशांचे लोक होते; ‘रात्र आणि धुके’ या नावाच्या हुकमाखाली ज्यांना घरच्यांना पत्ता न लागता नाहीसे करायचे असे प्रतिकारक येथे आणले जात. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी कापलेली पठारे, काटेरी तारा, अगदी खालच्या टोकाला दाहगृहाची बराक, आणि वर उभारलेले ज्वाळेच्या आकाराचे पांढरे स्मारक आज दिसते. समोर दरीपलीकडे फार सुंदर डोंगर आहेत, आणि कैद्यांनाही ते रोज दिसत.

छावणीपासून थोड्या अंतरावर एका जुन्या हॉटेलच्या जोडइमारतीत विषारी वायूची कोठडी होती. स्ट्रासबुर्गच्या नाझी विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक आउगुस्ट हिर्ट याला सांगाड्यांचा संग्रह करायचा होता, म्हणून ऑगस्ट १९४३ मध्ये आउशवित्सहून आणलेल्या ८६ ज्यू माणसांना, २९ स्त्रिया आणि ५७ पुरुषांना, तेथे मारण्यात आले आणि प्रेते शहरात, हिर्टच्या शरीररचनाशास्त्र संस्थेत नेण्यात आली. तेथील एका फ्रेंच मदतनिसाने त्या हातांवर गोंदलेले क्रमांक चोरून एका कागदावर उतरवून घेतले. युद्धानंतर देह स्ट्रासबुर्गमध्ये पुरण्यात आले, पण कितीतरी वर्षे ते नावाविना राहिले. हान्स-योआखिम लांग या जर्मन पत्रकाराने त्या क्रमांकांवरून एकेका माणसाचा शोध घेतला आणि २००४ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. २००५ मध्ये क्रोनेनबुर्ग येथील ज्यू स्मशानभूमीत नवा दगड बसवण्यात आला. त्यावर ८६ नावे आहेत.